टाकीला छान म्हणू नये

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला चहाचं पाणी उकळायचा समोवार कसा पेटवायचा ते दाखवता दाखवता एक गोष्ट बजावली होती. "सूनबाई, पाहुणा आला की त्याला चहा दे, खायला दे, पाठीला उशी दे. पण यांच्यासमोर त्याला कशालाही छान म्हणू देऊ नकोस."

सासूबाईंना आम्ही आपा म्हणतो. मी करागांडी शहरातल्या कॉलेजात चार वर्षं रसायनशास्त्र शिकून आलेली. आपांपुढे मान डोलावली आणि मनातल्या मनात हसले.

पाहुण्याला घरातलं जे आवडेल ते त्याला देऊन टाकायचं, ही आमच्या माळावरची जुनी रीत. हल्ली ती बहुतेकांच्या तोंडापुरती उरली आहे. 'आवडलं? मग तुमचंच' असं यजमानाने म्हणायचं, 'अहो, राहू द्या' असं पाहुण्याने म्हणायचं, आणि वस्तू जागच्या जागी. मामंजींच्या बाबतीत मात्र दुसरं वाक्य ऐकूच घेतलं जात नाही. माझ्या डोळ्यांदेखत या घरातून एक खोगीर गेलं, एक रेडिओ गेला. माझं शिवणयंत्र एका पशुवैद्याकडे आहे. तो बिचारा एवढंच म्हणाला होता की हे आवाज फार करत नाही वाटतं. कुत्रा एका पाहुण्याला दिला गेला. तो तीनदा आपणहून परत आला आणि मामंजी त्याला तिन्ही वेळा पुन्हा पोचवून आले. चौथ्यांदा आला तेव्हा त्या पाहुण्यानेच निरोप धाडला की कुत्रा आता आवडत नाही.

मामंजींचं नाव मी सांगणार नाही. आमच्यात सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत. गावात त्यांना सगळे 'टाकीवाले' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.

ही टाकी म्हणजे रॉकेटची. आमच्या माळावर रॉकेटची रिकामी झालेली धुडं पडतात, आणि त्यात गावाला फारसं नवल वाटत नाही. कुणाच्या गोठ्यावर त्याचं छप्पर आहे, कुणाच्या मेंढ्या त्यातून पाणी पितात. मामंजींनी वीस वर्षांपूर्वी एक अख्खी इंधनाची टाकी दोन उंट जुंपून अंगणात ओढून आणली. ती आडवी ठेवली, तिला दार कापलं, गोल खिडकी बसवली, आतून नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, जाड अस्तर लावलं आणि वरून गवत मळलेली माती हातभर जाडीची चढवली. बाहेर उन्हाने कावळे गप्प झाले तरी आत गारवा, आणि हिवाळ्यात बाहेर थुंकी गोठली तरी आत लोणी मऊ. मी या घरात आल्यावर मात्र, आत इंधनाचं विष उरलं नाही असा तपासनिसांचा कागद येईपर्यंत आणि मी स्वतः तीनदा धुऊन घेईपर्यंत तिच्यात खाण्याचं काही ठेवू दिलं नाही. माझा स्वभावच तसा आहे. चूल विझली का ते मी पाच वेळा बघते, आणि अल्दियार झोपला की त्याच्या नाकाशी बोट धरते.

अल्दियार माझा मुलगा. गेल्या जूनमध्ये तो अकरा महिन्यांचा होता आणि स्टुलाला धरून दोन पावलं टाकायला लागला होता. मूल असं चालू लागलं की आमच्यात त्याचा पायदोरा कापतात. पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा सैल बांधायचा आणि एखाद्या चपळ, कामसू माणसाच्या हातून तो कापायचा. कापणाऱ्याचे गुण मुलाच्या पायांत उतरतात. त्या महिन्यातल्या एका शनिवारी समारंभ ठरला होता आणि साठ माणसं बोलावली होती.

त्यासाठी आपांनी हिवाळ्यातल्या घोड्याच्या कझीची चौदा वेटोळी राखली होती. बरगडीचं मांस आतड्यात भरून वाळवतात ती कझी. भर उन्हाळ्यात ती दुसरीकडे कुठे मिळणार नाही आणि तिच्याशिवाय पायदोऱ्याचं ताट पुढे करणं म्हणजे सात गावांत नाचक्की. चौदाच्या चौदा टाकीत आकड्यांना टांगलेली होती. शेजारच्या आकड्याला आपांनी स्वतः वळलेला दोराही होता. घरात ठेवला तर अल्दियार तोंडात घालेल, म्हणून तो तिथे ठेवायला मीच सांगितलं होतं.

आणि त्याच आठवड्यात सोमवारी सकाळी रईखानताई आल्या.

पन्नाशीच्या आसपासच्या या बाई करागांडीच्या एका संशोधन संस्थेतल्या. सोबत एर्नार नावाचा तिशीतला उंच इंजिनियर. चंद्रावर माणसांनी राहायचं तर घर कशाचं बांधायचं, हा त्यांचा विषय. उत्तर त्यांनी काढलं होतं: रॉकेटचीच रिकामी टाकी आडवी ठेवायची आणि तिच्यावर चंद्राची माती थापायची, म्हणजे थंडी, ऊन, किरणं, सगळं बाहेरच्या बाहेर. तशा घरात दार न उघडता दहा दिवस राहून दाखवायचं होतं. ते या उन्हाळ्यात झालं नाही तर संस्था हा विषयच बंद करणार होती. आणि त्यांची टाकी ज्या ट्रकवर होती, त्याचा आस आमच्या गावापासून सव्वाशे किलोमीटर मागेच मोडला होता. ड्रायव्हर तिथेच अडकला होता.

त्या पाणी मागायला आमच्या अंगणात शिरल्या आणि टाकी बघून उभ्याच राहिल्या. मी त्यांना पाणी दिलं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "ते काका जरा कडक दिसतात. त्यांच्याशी काय बोलू?"

"कौतुक करा," मी म्हटलं. "त्यांना आवडतं."

हे मी म्हटलं. आपा मागे उभ्या होत्या. त्यांच्या हातातली बशी वाजली, एवढं मला आठवतं.

रईखानताई टाकीत गेल्या, नमद्यावर तळहात फिरवला, खिशातला तापमापक काढून पाहिला. बाहेर अडतीस, आत अकरा. त्यांचे डोळेच भरून आले. "वीस वर्षं आम्ही कागदावर जे काढतोय ते तुम्ही अंगणात उभं केलंय, काका. किती छान आहे हे."

मामंजींनी टोपी सरळ केली. "आवडलं? मग तुमचंच."

रईखानताई शहरात वाढलेल्या. दहा दिवस वापरायला दिली असं त्या समजल्या, आणि मामंजी समजले की त्यांनी टाकी देऊन टाकली. मी त्या वेळी अल्दियारला झोपवायला आत गेले होते. बाहेर आले तोवर टाकीच्या दाराबाहेर त्यांनी आणलेली दुसऱ्या दाराची छोटी खोली जोडलेली होती, दोघं आत गेले होते, फटींना रबर लावलेलं होतं आणि वर कागद चिकटवला होता: दहा दिवस उघडू नये.

आपा चहासाठी लोणी आणायला गेल्या आणि कागद वाचून परत आल्या. "अहो, आत कझी आहे."

"टाकी दिली म्हणजे आतलंही दिलं," मामंजी म्हणाले. "खोगीर उतरवून घोडा देतो का मी कुणाला?"

"आणि शनिवारी साठ माणसांना काय वाढू?"

"बटाटे आहेत की."

आपा गप्प झाल्या की आमच्या अंगणातल्या कोंबड्यासुद्धा जपून चालतात.

ड्रायव्हर ट्रकपाशी असल्यामुळे बाहेरचं काम माझ्या गळ्यात पडलं. ओसरीवर एक फोन ठेवून दिला होता आणि मला सांगितलं होतं की तुम्ही पृथ्वी. सकाळ-संध्याकाळ त्यांची विचारपूस करायची आणि वहीत लिहायचं. मी दर अर्ध्या तासाला फोन करत होते. आत हवेची नळकांडी होती, मोजायची यंत्रं होती, पण यंत्राचा काय भरवसा.

"ताई, सगळं ठीक आहे," एर्नार दुसऱ्या दिवशी काकुळतीने म्हणाला. "पण पृथ्वीने आम्हाला जरा झोपू दिलं तर बरं होईल."

या फोनला एक खोड होती. चंद्रावर आवाज जायला आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा अडीच सेकंदांचा उशीर त्यात मुद्दाम घातला होता. टाकी ओसरीपासून चाळीस पावलांवर. एर्नार जरा मोठ्याने बोलला की आधी त्याचा आवाज खिडकीच्या काचेतून पुसट यायचा आणि मग तेच वाक्य फोनमधून. आपांना वाटायचं की मुलगा अडखळतो.

फोनवर कझीचा विषय काढायची सोय नव्हती, कारण मामंजी दिवसभर चहाचा वाडगा घेऊन शेजारीच बसलेले. दिलेलं परत मागणारी सून त्यांनी तोवर पाहिली नव्हती आणि पाहायची त्यांची इच्छाही नव्हती. मी आडून आडून प्रयत्न केला.

"रईखानताई, वर काही टांगलेलं आहे ते तुमच्या डोक्याला लागत नाही ना? अडचण होत असेल तर सांगा."

अडीच सेकंद गेले. "छे हो. उलट वास किती छान येतो."

"पुन्हा आवडलं," मामंजी समाधानाने म्हणाले.

बुधवारी गावाला कळलं. म्हणजे अर्धवट कळलं. टाकीत नवीन बिऱ्हाड राहायला आलं आहे, एवढंच बायकांपर्यंत पोचलं. नव्या बिऱ्हाडाला जुन्या शेजाऱ्यांनी पहिलं जेवण न्यायचं, हीही आमच्याकडची रीत, आणि ती अजून कुणी मोडलेली नाही. गुरुवारी दुपारी बाराजणी ताटं घेऊन टाकीसमोर उभ्या राहिल्या. बौरसाक म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, मेंढीचा रस्सा, मलईत बुडवलेल्या पोळ्या. पुढे होती आमची शेजारीण कुल्पाश. ही बाई पळत्या कोकराला पळत जाऊन धरते, आणि शनिवारी दोरा तिच्याच हातून कापून घ्यायचा ठरला होता.

कुल्पाशने दार वाजवलं. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवलं.

"बिऱ्हाड आहे की तुरुंग?" ती म्हणाली.

मी धावत जाऊन समजावलं की ते चंद्रावर आहेत आणि दहा दिवस दार उघडता येत नाही. कुल्पाशने सगळं ऐकून घेतलं. "चंद्रावर असतील. पण शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावायची पद्धत चंद्रावर तरी आहे का?"

गोल खिडकीच्या काचेला नाक लावून एर्नार बौरसाककडे बघत होता. त्याच्या हातात चंद्रावरच्या जेवणाची चपटी पुडी होती आणि चेहरा बघवत नव्हता. बायका एकेक करून खिडकीशी जाऊन आत डोकावत होत्या, घर कसं लावलंय ते बघत होत्या. आपाही रांगेत होत्या. त्यांची पाळी आली. त्यांनी आत पाहिलं, वर टांगलेलं पाहिलं आणि तशाच थांबल्या. मग वळून मला म्हणाल्या, "सूनबाई, तो फोन आण."

फोनची तार लांब होती. तारेमागे मामंजीही वाडगा घेऊन आले.

"रईखान," आपा फोनमध्ये म्हणाल्या, "आम्ही शेजारणी तुमच्या नव्या घरी पाहुण्या आलोय."

अडीच सेकंद. "या ना, आपा. म्हणजे आत येता येणार नाही, पण या."

"खिडकीतून बघतेय. घर छान आहे." आपांनी श्वास घेतला. "आणि वर ती कझी टांगलीय ना, ती फारच छान आहे. चौदाच्या चौदा. शेजारचा तो काळा-पांढरा दोरासुद्धा मला फार आवडला."

अडीच सेकंद गेले, पाच गेले, दहा गेले. खिडकीत रईखानताईंचा चेहरा दिसला. त्यांनी आपांकडे पाहिलं, मग आपांमागे उभ्या असलेल्या मामंजींकडे, आणि चार दिवस आपण कशाखाली झोपतो आहोत ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. त्यांची आजीही शेवटी माळावरचीच.

"आपा," त्या म्हणाल्या, "आवडलं? मग तुमचंच."

मामंजींचा वाडगा ओठांपर्यंत जाऊन थांबला होता. रीत त्यांचीच होती. त्यांनी आपांकडे अशा नजरेने पाहिलं, की मी उगाचच अल्दियारचं टोपडं नीट करायला लागले.

आता ते बाहेर कसं आणायचं? दार तर उघडायचं नव्हतं. पण चंद्रावरचा पोशाख घालून, दोन दारांच्या त्या खोलीतून एकदा बाहेर फिरून यायचं त्यांच्या कामातच होतं. रईखानताईंनी ती फेरी शनिवारी सकाळी नऊला नेमली. कझी शिजायला दोन तास लागतात, जेवणं बाराला. मी वहीत लिहिलं आणि तीनदा तपासलं.

शनिवारी नऊला बाहेरचं दार उघडलं आणि एर्नार चंद्रावर उतरला. अंगभर पांढरा फुगीर पोशाख, डोक्यावर काचेचं भांडं, गळ्यात आणि दोन्ही दंडांत मिळून कझीची चौदा वेटोळी, हातात तो काळा-पांढरा दोरा. साठांपैकी चाळीस पाहुणे आधीच आले होते. कुत्रा एकदा भुंकला आणि माझ्या मागे लपला. चंद्रावर जसं चालतात तसंच चालायचा नियम होता, त्यामुळे एर्नार एक पाऊल उचलायचा, ते हवेत धरून ठेवायचा, आणि आपल्याला वाटावं की विसरला, तेव्हा टेकवायचा. चुलीवरच्या पाण्याला उकळी आली, ते आटलं, आपांनी दुसरं ओतलं, तरी तो विहिरीपर्यंतच पोचला होता.

"जाऊन घेऊन येऊ का?" कुल्पाशने विचारलं. ती एका जागी उभी राहू शकत नाही.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "त्यांची परीक्षा आहे."

तेवढ्यात माझ्या हातातला हात सुटला. अल्दियारने तो पांढरा प्राणी पाहिला, स्टूल सोडलं, मला सोडलं आणि निघाला. दोन पावलांनंतर तो पडतो, हे मला ठाऊक होतं. मी दोन्ही हात पुढे करून मागोमाग वाकून चालत होते. तिसरं पाऊल पडलं, चौथं पडलं. अकरा पावलं मोजली मी. अकराव्याला तो एर्नारच्या गुडघ्याला जाऊन चिकटला आणि वर बघून हसला.

म्हाताऱ्या माणसांनी आपसात विचार केला. दोरा त्या माणसाच्या हातात, आणि मूल आपल्या पायांनी त्याच्याकडे गेलेलं. तेव्हा आता दुसऱ्या कुणी दोरा कापणं बरं दिसत नाही. कुल्पाश कोपरापर्यंत बाह्या सरसावून तयार होती, तिने त्या खाली केल्या. आपांनी दोरा बांधला. एर्नारच्या जाड हातमोज्यांची बोटं कात्रीत मावेनात. तो एकदा धरायचा, ती पडायची. मग तो चंद्राच्या गतीने वाकायचा. पाहुण्यांपैकी दोघं चहा पिऊन परत आले. शेवटी कच्च करून दोरा तुटला तेव्हा सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला आणि मिठाई उधळली.

"झालं," कुल्पाश म्हणाली. "हे पोरगं आता सकाळच्या शाळेला संध्याकाळी पोचणार."

मी हसले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. जेवण मात्र असं झालं की लोक अजून नाव काढतात. खिडकीपाशी एक ताट धरून आपा बराच वेळ उभ्या होत्या, आतल्या दोघांना निदान दिसावं म्हणून. ते चांगलं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दहाव्या दिवशी दोघं बाहेर आले. चाचणी उत्तम झाली होती. आतलं तापमान दहा दिवसांत एकाच अंशाने हललं होतं. मामंजी टाकी परत घ्यायला तयार नव्हते. पण रईखानताई आता शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी टाकी अल्दियारला पहिल्या पावलांची भेट म्हणून दिली. आपांनी मान डोलावली. आता टाकी नातवाची. आजोबांना ती कुणालाच देता येणार नव्हती.

निरोपाच्या चहाला मी रईखानताईंना बाजूला घेऊन पढवून ठेवलं: चहाला छान म्हणू नका, वाडग्याला नको, कुत्र्याला नको, आणि माझ्या मुलाकडे तर बघूच नका. त्या बिचाऱ्या हात मांडीवर ठेवून, जमिनीकडे बघत चहा प्यायल्या. मी एकेक घोट मोजत होते. चहा संपला, त्या उठल्या, गाडीत एक पाय ठेवला, आणि मला वाटलं की झालं, सुटलो.

तिथे त्या वळल्या. "काका, टाकी राहू द्या. पण अशी भिंत चढवणारा तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे असता तर काय छान झालं असतं."

आपांच्या हातातली बशी वाजली.

मामंजींनी टोपी सरळ केली. आत गेले, लोकरीचं जाकीट आणि एक गाठोडं घेऊन बाहेर आले आणि गाडीकडे चालू लागले.

"काका, कुठे?" रईखानताईंनी विचारलं.

"आवडलो ना?" मामंजी म्हणाले. "मग तुमचाच."

याला आता दोन महिने झाले. संस्थेच्या मागच्या अंगणात ते दुसरी टाकी लिंपतायत. चंद्राच्या मातीऐवजी तिथे करड्या दगडाची भुकटी वापरतात. तिच्यात गवत मळल्याशिवाय ती धरत नाही, असं मामंजी म्हणतात, आणि सगळे इंजिनियर ते लिहून घेतात. चंद्रावर गवत कुठून आणायचं यावर सध्या सभा चालू आहेत. आपा म्हणतात की घर कसं मोकळं झालं. सकाळी मात्र दोन वाडगे भरतात आणि दुसरा मला पाजतात. रविवारी फोन लागतो. 'कसे आहात?' असं आपा विचारतात आणि उत्तर यायला वेळ लागतो, अडीच सेकंद तरी. हा साधा फोन आहे. यात कुणी उशीर घातलेला नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. करागांडीला कधी गेलात तर त्या मागच्या अंगणात जाऊन या. टाकीवाले कुठे म्हणून विचारा, दाखवतील. जाकीट घालतात का बघा, रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतात ना ते विचारा. चहा देतील, तो प्या, पण टोपीला, वाडग्याला, भिंतीला, कशालाही छान म्हणू नका. फक्त निघताना, रईखानताईंच्या कानावर जाईल अशा बेताने मामंजींकडे बोट दाखवा आणि म्हणा की हा माणूस छान आहे. पुढे काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक आहे.

आणि परतताना त्यांना गाडीत घालून आमच्या गावावरून या. थांबायला वेळ नसला तरी चालेल. आपा रस्त्यापर्यंत येतील, पाहुणीसारख्या तुमच्या गाडीत डोकावतील. चाळीस वर्षांत त्यांनी मामंजींना एकदाही छान म्हटलेलं नाही. या वेळी म्हणतील, असं मला वाटतं.